पाणी कुठवर आले होते?

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पूर ओसरल्यावर आम्ही वडगावातील काही कार्यकर्ते वारणाकाठच्या एका बौद्ध वस्तीत गेलो होतो. बरोबर धान्य, सतरंज्या आणि मुलांसाठी वह्या होत्या. वस्तीत चिखलाचा वास भरला होता. बायका घराघरांतून घमेल्याने गाळ काढत होत्या. एका घरात सत्तरीच्या पुढची एक आजी भिंतीला टेकून उभी होती. आम्ही विचारले, "आजी, पाणी कुठवर आले होते?" आजीने हात वर केला आणि पंजा भिंतीवर टेकवला. म्हणाली, "हितपातूर आलतं बघा." तिच्या पंजाखाली गाळाची एक तपकिरी रेघ साऱ्या खोलीभर फिरली होती. ती तिच्या कपाळाच्याही वर होती. घर सोडताना तिने दोनच गोष्टी बरोबर नेल्या होत्या: बाबासाहेबांची तसबीर आणि कागदपत्रांची पेटी.

आठ-दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा भिंती धुऊन झाल्या होत्या. वास जावा म्हणून त्या धुणे भागच होते. पुढे नुकसानीची नोंद घ्यायला माणसे आली. त्यांनी विचारले, पाणी किती होते? कोणी छाती दाखवली, कोणी कंबर, कोणी डोके. भिंतीवर पुरावा उरला नव्हता. कागदावर जे उतरले ते आजीच्या पंजापेक्षा बरेच खाली होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी घरांना चुना लागला आणि वस्ती पूर्वीसारखी दिसू लागली. जणू काही घडलेच नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. वहीत जे नाही ते घडले नाही, हा आमच्या पेशाचा नियम आहे. तो किती निष्ठुर आहे हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून एक विचार आमच्या मनात घोळत आहे, तो आज या कौटुंबिक पानावर वाचकांपुढे मांडत आहोत. पाणी कुठवर आले होते, हे सर्वांना दिसेल असे उघड्यावर लिहून ठेवले पाहिजे. जगात काही कलावंत नेमके हेच काम करू लागले आहेत.

फक्कीची रेघ

चित्र म्हटले की आपल्यापुढे चौकट येते आणि शिल्प म्हटले की पुतळा. परंतु गेल्या काही दशकांत कलेचा एक वेगळा प्रकार रूढ झाला आहे. त्यात कलावंत एखाद्या जागेतच वस्तूंची अशी मांडणी करतो की येणारा-जाणारा थबकतो आणि विचार करू लागतो. मराठीत त्याला मांडणशिल्प म्हणतात. पृथ्वीचे हवामान बदलत आहे, ही गोष्ट आकड्यांतून सामान्य माणसाच्या गळी उतरत नाही. म्हणून काही कलावंतांनी ती रस्त्यावर आणून ठेवली.

ओलाफुर एलियासन या कलावंताने मिनिक रोझिंग या भूवैज्ञानिकाच्या साथीने ग्रीनलंडच्या खाडीत तरंगणारे हिमखंड उचलून आणले. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये हवामानाची जागतिक परिषद भरली होती. त्या वेळी शहरातील एका चौकात असे १२ प्रचंड हिमखंड घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडण्यात आले. लोक त्यांना हात लावत, कान लावून आतले हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत. काही दिवसांत ते वितळून गेले. आइसलंडमध्ये ओक नावाची हिमनदी वितळून नाहीशी झाली, तेव्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे तिच्या स्मरणार्थ धातूचा फलक बसवण्यात आला. आपल्याकडे वारणा आणि पंचगंगा फुगल्या होत्या, तोच हा महिना.

आम्हांला सर्वांत भावले ते न्यूयॉर्कचे काम. ईव्ह मोशर या कलावंत बाईने २००७ मध्ये नकाशावर समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेषा शोधली. समुद्र चढला आणि वादळ आले तर पाणी येथवर येईल, असे शास्त्रज्ञ सांगत होते. तिने मैदानावर फक्की टाकायचे गाडे घेतले आणि ती रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मारत निघाली. रस्ते, बागा, घरांची अंगणे ओलांडत सुमारे ७० मैलांची रेघ तिने ओढली. "बाई, हे काय करता?" असे लोक विचारत आणि ती थांबून सांगत असे. पाच वर्षांनी, २०१२ च्या ऑक्टोबरात, सँडी नावाचे वादळ न्यूयॉर्कवर आले आणि त्या किनारपट्टीत खरोखरच पाणी शिरले.

महाराष्ट्रातही असे प्रयोग झाले आहेत. २०२१ च्या जानेवारीत नवी मुंबईत खारघर येथे वातावरण फाउंडेशन या संस्थेने रस्त्याच्या कडेला माणसाची भलीमोठी पांढरीशुभ्र फुप्फुसे उभी केली. धूळ गाळणाऱ्या कापडाची ती फुप्फुसे मागील पंख्यांनी हवा ओढत होती. थोड्याच दिवसांत ती काळवंडली. हा देखावा हवेच्या प्रदूषणाचा होता, हे खरे. परंतु कोळसा आणि डिझेल जाळल्याने जी काजळी फुप्फुसात जाते, तिच्याबरोबरच निघणारा वायू पृथ्वी तापवतो. चूल एकच आहे.

बौद्ध वाचकांना आनंद वाटेल असे एक उदाहरण लडाखचे आहे. सोनम वांगचुक या अभियंत्याने २०१३-१४ च्या हिवाळ्यात बर्फाचा स्तूप उभा केला. वरच्या ओढ्याचे पाणी नळीने खाली आणून थंडीच्या रात्री हवेत उडवले की ते गोठत गोठत शंकूसारखे चढत जाते. शंकूच्या आकारामुळे उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग कमी राहतो, म्हणून बर्फ उशिरा वितळते. वसंतात, हिमनद्यांचे पाणी अजून उतरलेले नसते तेव्हा, ते शेताला मिळते. पुढे फ्यांग येथील मठाने या कामासाठी जागा दिली. पाहणाऱ्याला तो स्तूप आहे, शेतकऱ्याला ते पाणी आहे, आणि हिमनद्या मागे हटत आहेत याची ती उभी साक्ष आहे.

आपल्याला हे नवे नाही

कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची थेरे आपल्याला कशाला? आमचे म्हणणे असे की, जे सांगायचे ते उघड्यावर, सर्वांच्या वाटेवर मांडावे, ही रीत मुळात आपली आहे. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा राजवाड्यात ठेवल्या नाहीत. लोकांच्या जाण्यायेण्याच्या जागी शिळांवर आणि स्तंभांवर त्या कोरल्या. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे अशा शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, हेही त्याने दगडावर लिहून ठेवले.

आणि कोल्हापूरचा बिंदू चौक आपण कसा विसरू? भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी तेथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. ज्या समाजाची सावली चालत नव्हती, त्याचा नेता शहराच्या भर चौकात उभा राहिला. त्या पुतळ्याने जे सांगितले ते शंभर भाषणांनी सांगितले नसते. चौकात काय उभे राहते, भिंतीवर काय लिहिले जाते, याला किती मोल आहे हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

पुराचेही तसेच आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर फुटांच्या खुणा आहेत. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरही सांगते. पण जुनी माणसे फूट मोजत नाहीत. पाणी जामदार क्लबपाशी आले का, गायकवाड वाड्यापाशी आले का, असे विचारतात. हा वाडा, हा घाट, हीच कोल्हापूरकरांची मोजपट्टी. युरोपात एल्बे नदीच्या पात्रात असे दगड आहेत, ज्यांवर शेकडो वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची साले कोरली आहेत. नदी आटली की ते उघडे पडतात. २०१८ आणि २०२२ मध्ये ते पुन्हा दिसले. नदीकाठच्या माणसाने सर्वत्र हेच केले आहे.

नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्यात स्नानासाठी गर्दी करतात. ज्याची त्याची श्रद्धा. परंतु नदी दाराशी आली की तिच्याकडून पुण्य घ्यायचे की बोध घ्यायचा, हे आपण ठरवले पाहिजे. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारण असेल तर परिणाम आहे. कारण शोधणे हाच आपला मार्ग आहे.

कारण काय?

राजाराम बंधाऱ्यावर २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी साडेपंचावन्न फुटांवर गेली होती. असा पूर पुन्हा आयुष्यात पाहायचा नाही, असे लोक म्हणाले. अवघ्या दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ती ५६ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक थांबली.

यामागे कारणे अनेक आहेत. पात्रातील अतिक्रमणे, पुलांचे भराव, धरणांतून पाणी सोडण्याची वेळ, हे सारे आहे. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने २०२० मध्ये अहवाल दिला. परंतु या साऱ्याच्या मुळाशी आभाळच बदलते आहे, हेही समजून घेतले पाहिजे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. कारखानदारीपूर्व काळाच्या तुलनेत पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापली आहे, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या समितीने २०२१ मध्ये सांगितले. २०२४ हे तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यासाठी लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. पाऊस महिनाभर झिमझिमण्याऐवजी चार दिवसांत कोसळला, तर नदीने काय करावे?

हे बाष्प तापवले कोणी? आजीच्या घरात एक दिवा, एक पंखा. तिचा प्रवास लाल एस.टी.ने, तोही दवाखान्यापुरता. पृथ्वी तापवण्यात तिचा वाटा शून्याजवळ, आणि पाणी मात्र तिच्या कपाळावर! गावकुसाबाहेरची वस्ती बहुधा सखल जागी, ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला असते. ती जागा आपण निवडली नव्हती, ती आपल्याला नेमून दिली होती. म्हणून हवामानाचा प्रश्न हा आमच्या मते सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे.

नकाशावरची रेषा आणि भिंतीवरची रेषा

येथे एक गोष्ट वाचकांना सांगणे अगत्याचे आहे. शासनाचा जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, आणि लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, असा सर्वसाधारण नियम आहे. "१०० वर्षांतून एकदा" याचा अर्थ उरलेली ९९ वर्षे निवांत झोपावे असा नाही. दरवर्षी तशा पुराची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे गणित मागच्या पावसाच्या नोंदींवर बसवलेले असते. पाऊसच बदलला तर गणितही बदलणार.

या रेषा कचेरीतल्या नकाशावर असतात. ज्याच्या घरावरून त्या जातात त्याला त्यांचा पत्ता नसतो. त्याला ती रेषा पहिल्यांदा भेटते ती घरकुलाचा अर्ज अडतो तेव्हा. न्यूयॉर्कच्या त्या बाईने नकाशावरची रेषा जमिनीवर उतरवली. आपण तेवढे का करू नये?

२०२१ च्या पुरानंतर आम्ही हा प्रस्ताव त्याच वस्तीत मांडला. वर्षावास चालू होता. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले, तेव्हा विषय काढला. आम्हांला वाटले होते, सगळे एका आवाजात हो म्हणतील. तसे झाले नाही. एक गृहस्थ उठून म्हणाले, "रेघ मारून ठेवली तर उद्या माझ्या पोराला पोरगी कोण देणार? पाहुणे दारात आले की आधी भिंत बघतील." दुसरे म्हणाले, "घरकुल मागायला गेलो तर म्हणतील, तुमीच लिवलंय की हितं पाणी येतंय." आमच्याजवळ यावर झटकन उत्तर नव्हते, आणि ते म्हणणे चूकही नव्हते. रेषा पुरावा होते तशीच ती फासही होऊ शकते. ती कोणाच्या हातात आहे, यावर सारे अवलंबून आहे.

दोन बैठका वादात गेल्या. अखेर तोड काढली ती बायकांनीच. कोणाच्या घरावर रेघ नको, ती समाजमंदिराच्या भिंतीवर असू दे. समाजमंदिर सर्वांचे, त्याला सोयरीक करायची नाही! आणि प्रत्येक घरातली उंची वहीत नोंदवायची, ती वही वस्तीच्याच ताब्यात राहील. कचेरीत द्यायची वेळ आली तर प्रत द्यायची, वही नाही.

उंची काढली ती गवंड्याच्या पाण्याच्या नळीने. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक एका घरातल्या खुणेला धरायचे. दुसरे टोक समाजमंदिराच्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभे राहते. पाण्याची उंची पाण्यानेच मोजली. २०१९ ची खूण आजीच्या पंजावरून घेतली. तिने तोच हात त्याच भिंतीवर पुन्हा टेकवला. चार घरांतल्या चार माणसांच्या खुणा जुळवल्या, तेव्हा त्यांच्यात बोटभराचाच फरक निघाला. कागदावरच्या आकड्याशी मात्र जुळेना.

रंगाचा प्रश्न आला तेव्हा पोरे म्हणाली, निळा लावू, आपला रंग! आम्ही नको म्हटले. सरकारी निळ्या रेषेशी गोंधळ झाला असता. शेवटी पिवळ्या रंगाने दोन रेघा मारल्या, शेजारी काळ्या अक्षरांत महिना आणि साल लिहिले, आणि खालच्या अंगाला घर केव्हा सोडायचे, आधी म्हातारी माणसे आणि जनावरे कोणत्या वाटेने न्यायची, हे चार ओळींत लिहिले.

तुमच्या वस्तीत

या रेघा मारल्याने पूर थांबणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. नुकसानीचा जुना कागदही बदलला नाही. परंतु आता पाऊस लागला की वस्तीतली माणसे नुसती आभाळाकडे पाहत बसत नाहीत, भिंतीकडेही पाहतात. शाळेतली पोरे दर जूनमध्ये रेघेशी उभी राहून आपली उंची मोजतात. त्यातल्या एका मुलीने आम्हांला सांगितले, "काका, मी अजून पाण्याखालीच हाय." यावर आम्ही हसलो, पण घरी परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदी या पुराच्या नद्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे त्यांनी मांडलेला विचार असा होता की, पाण्याच्या विपुलतेला भिऊन चालणार नाही, ते शास्त्राने अभ्यासून लोकांच्या उपयोगी आणले पाहिजे. पूर म्हणजे दैवाचा कोप नव्हे, त्याचा अभ्यास करता येतो, हा त्यांचा धडा आहे. अभ्यासाची सुरुवात नोंदीपासून होते.

म्हणून वारणा, पंचगंगा, कृष्णा आणि दूधगंगेच्या काठच्या समाजबांधवांना आमची विनंती आहे. येत्या वर्षावासात एक रविवार यासाठी काढा. ज्यांनी पूर पाहिला ती माणसे अजून आहेत तोवर त्यांच्याकडून खुणा घ्या. विशेषतः घरातल्या बायकांना विचारा, कारण गाळ त्यांनी काढला आहे, पाणी कुठवर होते हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. गावात कोणी चित्र काढणारा तरुण असेल तर त्याला बोलवा. शाळेचा फळा रंगवणारा, जयंतीचा फलक लिहिणारा, हेच आपले कलावंत. कोणाच्या घरावर त्याच्या मर्जीशिवाय रेघ मारू नका. वही जपा. आपल्या गावची शासकीय पूररेषा कोठून जाते, ते लेखी अर्ज करून मागा आणि तीही वहीत उतरवा. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या की बोलायला आधार मिळतो.

आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला १९२० च्या मार्चमध्ये राजर्षी शाहू महाराजांनी बहिष्कृतांच्या परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व उघडपणे जाहीर केले. त्या दिवसापासून या तालुक्यातला आपला माणूस कोणाच्या दारी मान खाली घालून उभा राहिलेला नाही. पुराच्या नोंदीपुढेही त्याने का राहावे? पुढच्या वेळी कोणी वही घेऊन आला आणि "पाणी कुठवर आले होते?" असे विचारू लागला, तर त्याला समाजमंदिरापाशी न्यावे आणि भिंत दाखवावी.

आजी गेल्या वर्षी निवर्तली. तिच्या पंजाची उंची भिंतीवर आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!